मागे वळून काढलेले फोटो

टेम्पोचा मागचा फाळका उघडतो आणि बांबू रस्त्यावर पडतात. आधी एक, मग तीनचार एकदम, मग सगळेच. डांबरावर पडणाऱ्या बांबूंचा तो पोकळ, कोरडा खडखडाट आमच्या सदाशिव पेठेत वर्षातून एकदाच ऐकू येतो. श्रावण अर्धा सरलेला असतो. ऊन आणि पाऊस एकमेकांच्या पायात येत असतात. नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झालेला असतो आणि वारा पडला की तो गॅलरीपर्यंत पोचतो. लोकांना या आवाजानं बरं वाटतं. आले गणपती, असं म्हणतात. मला भीती वाटते.

आज सकाळी तो आवाज आला तेव्हा मी चहा गाळत होतो. हात थांबला आणि चहा ओट्यावर सांडला. मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, कडी लावलेली होती. घरात माझ्याशिवाय कोणी नाही, बाहेर जायचं कोणी राहिलेलं नाही, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. छाती मात्र धडधडतच राहिली. तिला कोणी सांगितलेलं नसतं.

मग मी कपाटाच्या वरच्या खणातून तो कॅमेरा काढला.

साबणाच्या वडीएवढा आहे. चंदेरी, पण कडांचा रंग जाऊन आतलं काळं प्लॅस्टिक दिसतं. दोन पेन्सिल सेलवर चालतो. महागातला तो कधीच नव्हता. आमची मुलगी मेघना तेव्हा नुकती खराडीतल्या एका कंपनीत लागली होती आणि तिकडेच घर शोधत होती. खराडीत त्या काळात रोज काहीतरी नवं उभं राहत असे. कालच्या ज्वारीच्या रानात आज काचेची इमारत. बिल्डरचा माणूस तोंडानं सांगतो ते आणि प्रत्यक्षात असतं ते यांत फरक असतो, म्हणून मेघनानं तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून हा कॅमेरा घेतला आणि प्रत्येक फ्लॅटचे नळ, खिडक्या, भिंतींतली ओल टिपून आणायला लागली. फ्लॅट ठरला. पुढे तिच्या फोनमध्येच कॅमेरा आला आणि हा आमच्या टीव्हीवर येऊन पडला. त्याच्यावर धूळ बसायच्या आत कुमुदनं तो उचलला.

कुमुद माझी बायको. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. माहेर यवतमाळचं, पण लग्नानंतर पुण्यात इतकी वर्षं काढली की तिचं मराठी माझ्याहून पुणेरी झालं होतं. मी मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधल्या. एक अक्षर गळलं असेल तर माझी नजर तिथं अडते; ओळ कितीही चांगली असो, मला पुढे जाता येत नाही. तिच्या बोलण्यातून शब्द गळायला लागले तेव्हा ते मला सगळ्यांच्या आधी दिसले. मी मात्र ते कोणाला दाखवले नाहीत. कागदावरची चूक दाखवली की दुरुस्त होते. या चुका दाखवून काय होणार, हे मला कळत नव्हतं.

मग एक दिवस वर्गात फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना तिचा खडू थांबला. वर्धा आणि पैनगंगा कुठून कुठे वाहतात ते आठवेना. माहेरच्या नद्या. मुलींना वाटलं, बाई आपली परीक्षा घेतायत. त्यांनी हात वर केले. एका मुलीनं पुढे येऊन दोन्ही नद्या काढल्या आणि बाई म्हणाल्या, "शाब्बास." घरी येऊन तिनं मला हे हसत सांगितलं. सांगून झाल्यावर ओट्याला धरून उभी राहिली.

डॉक्टर मोजके बोलणारे होते. विसरण्याचा आजार आहे, वयाच्या मानानं लवकर आला आहे, हळूहळू वाढेल. तिनं शाळा सोडली. निरोपाच्या दिवशी मिळालेला पृथ्वीचा गोल अजून खिडकीत आहे.

कॅमेऱ्याचा पहिला उपयोग तिनं गॅससाठी केला. बाहेर पडताना गॅसचं बटण बंद केलं की त्याचा फोटो. मग नळाचा. मग दाराला लावलेल्या कुलपाचा. रस्त्यात शंका आली की थांबायची, पर्स उघडायची, कॅमेरा सुरू करायची. त्याची तीन सुरांची चिमुकली धून वाजायची आणि झूं करून भिंग बाहेर यायचं. पडद्यावर बंद कुलूप पाहून ती समाधानानं पुढे चालायला लागायची. "देवाच्या फोटोपेक्षा उपयोगी आहे," म्हणायची.

ती धून मला आवडत नसे. स्वयंपाकघरातून ऐकू आली की कळायचं, ही आता बाहेर जाणार.

मंडईत जाऊन निवडून भाजी आणणं हे तिचं रोजचं काम. ते तिनं सोडलं नाही. शाळा सुटली, शिकवण्या सुटल्या, बँकेचे व्यवहार माझ्याकडे आले. मंडई तेवढी तिची राहिली. मेघनानं पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं एक कार्ड तिच्या पर्समध्ये ठेवलं. कुमुदनं ते काढून फ्रीजवर ठेवलं. मेघनानं पुन्हा ठेवलं, हिनं पुन्हा काढलं.

"आई, असू दे ना गं. काय बिघडतं?"

"मी काय एसटीत राहिलेली पेटी आहे, पत्ता चिकटवायला?"

"मग मोबाइल तरी घेऊन जा."

"तो वाजला की मला कळत नाही कुठं दाबायचं. आणि तू दर पाच मिनिटांनी वाजवशील."

मग ती माझ्याकडे वळली. अजून तिचा आवाज वर्गातला होता. "मंडईत मी एकटी जाणार. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मी स्वतः सांगीन. तोवर माझ्या मागेमागे कोणी यायचं नाही. तुम्ही सुद्धा नाही."

मेघना माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. ती मान कोणासाठी हलवली हे मलाच ठाऊक नव्हतं, कारण दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या मागे जायला लागलो.

रस्ते लक्षात ठेवायची तिची एक पद्धत होती. ती तिनं मला स्वयंपाक करताकरता समजावून सांगितली होती, सातवीच्या वर्गाला सांगावी तशी. जाताना समोर दिसतं ते येताना उपयोगाचं नसतं. येताना तीच गल्ली उलट्या बाजूनं दिसते आणि वेगळीच वाटते. म्हणून प्रत्येक वळणाच्या पुढे गेलं की थांबायचं, मागे वळायचं आणि मागचा फोटो काढायचा. परत येताना ते फोटो उलट क्रमानं बघायचे. समोरचं आणि फोटोतलं जुळलं की सरळ त्यात चालत जायचं. "डोंगरावर सहल न्यायचे तेव्हा मुलींना हेच सांगायचे. दर वळणावर मागे बघा. उतरताना तोच रस्ता तुम्हाला ओळखणार नाही."

तर ती पुढे आणि मी मागे. मध्ये एखाद्या गल्लीचं अंतर. आमच्या इमारतीच्या फाटकातून बाहेर पडलं की पिठाची गिरणी, मग दातांचा दवाखाना, मग लोखंडी जिन्याची अभ्यासिका, जिथं स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसभर पायऱ्यांवर चहा पीत बसलेली. प्रत्येक वळणावर ती थांबायची आणि मला काहीतरी आडोसा शोधावा लागायचा. गिरणीपुढे विजेची डीपी होती, करड्या रंगाची लोखंडी पेटी, माणसाच्या उंचीची. तिच्यामागे मी निम्मा मावत असे. दवाखान्यापाशी आडोसा नव्हता. तिथं मी पाटी वाचत उभा राहायचो. 'दंतवैद्य' हा शब्द तिथं वर्षानुवर्षं चुकीचा लिहिलेला होता, त्यामुळे माझं उभं राहणं मला तरी खरं वाटे. पावसाळा असल्यानं काखेत छत्री असायची. काळी, वाकड्या मुठीची, माझ्या वडिलांची.

त्या चालण्यात माझं लक्ष तिच्या पायांवर असायचं. पाय ठरलेले असले की माझाही श्वास ठीक चालायचा. कधी ती अकारण मंदावायची, एक चप्पल हवेतच राहिल्यासारखी व्हायची, आणि मी आडोसा सोडून दोन पावलं पुढे टाकायचो. रिक्षा तिला घासून गेली की माझ्या तोंडून आवाज निघे आणि मी तो गिळत असे. वयस्कर माणसानं भर रस्त्यात स्वतःच्या बायकोच्या मागे चोरासारखं चालावं, हे विचित्र आहे हे मला कळत होतं. पण घरी बसून जिन्यावरच्या पावलांची वाट बघणं मी त्याआधी दोन दिवस करून पाहिलं होतं. ते याहून भयंकर होतं. परत येताना ती शेवटच्या वळणावर आली की मी आडवाटेनं लगबगीनं घरी पोचायचो, चपला काढायचो आणि पुस्तक उघडून बसायचो. ती यायची. पिशवी ओट्यावर ठेवायची. "काय वाचताय?" असं विचारायची. आणि मला सांगता यायचं नाही, कारण अजून धाप लागलेली असायची.

आता वाटतं, ते पुस्तक मी कधीकधी उलटं सुद्धा धरलं असेल.

श्रावण उतरणीला लागला आणि बांबू आले. रस्त्यात पहारीनं खड्डे पडायला लागले. एका रात्रीत एखाद्या कोपऱ्यावर सांगाडा उभा राही. दिवस उजाडला की त्यावर माणसं माकडांसारखी चढलेली, कमरेला सुंभाची भेंडोळी. आमच्या पेठेत हे इतकं नेहमीचं आहे की कोणी मान वर करून बघत नाही. मंडप बांधतात, रस्ता अर्धा होतो, स्कूटरवाले एकमेकांना दोन शब्द ऐकवतात आणि जातात. मीही तो तसाच पाहिला. कुमुद मात्र एका संध्याकाळी कॅमेऱ्यातले फोटो बघत म्हणाली, "रस्त्यांना टाके घालतायत." मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

त्या दिवशी गॅसचा सिलिंडर यायचा होता. बरेच दिवस नंबर लावून ठेवलेला. ती पर्स घेऊन निघाली, कुलपाचा फोटो काढायला कुलूप नव्हतं कारण मी घरात होतो, म्हणून तिनं माझाच काढला. "हे लावलेलं आहे," म्हणाली आणि जिना उतरली. मी चपलेत पाय घातला आणि खालून भोंगा वाजला. सिलिंडरवाला. त्याला परत पाठवलं असतं तर पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. तो खांद्यावर सिलिंडर घेऊन वर आला, जुना काढला, नवा ठेवला, सुट्टे नाहीत म्हणाला, पाणी प्यायला. मी बाहेर पडलो तेव्हा गल्ली रिकामी होती.

गिरणीपाशी पोचलो आणि थांबलो. गिरणी नव्हती. दवाखानाही नव्हता. एवढ्यातच मंडपाला कापड चढवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी आडवा एक राजवाडा उभा होता: गुलाबी खांब, सोनेरी कमानी, थर्मोकोलचे हत्ती. चालायला बाजूनं बोळ सोडला होता, त्यावरही ताडपत्री. मी इथं जन्मलो, वाढलो. तरी एक क्षण मलाही वाटलं, आपण चुकीच्या गल्लीत आलो. आणि मग लक्षात आलं, ती या बाजूनं गेली तेव्हा नुसता सांगाडा असेल, पण येताना तिला समोरून हा राजवाडा दिसणार होता. कॅमेऱ्यात मात्र गिरणी.

मंडईत तिची ठरलेली भाजीवाली होती. "बाई मगाशीच गेल्या की," ती म्हणाली. "गवार घेतली. काका, तुमी आज लांब राहिले का?" तिच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी धावत सुटलो होतो.

भीतीचं एक कळत नाही, ती इतकी कामसू कशी असते. ती भराभरा चित्रं काढून देते. मला नदी दिसली. लकडी पुलाचा कठडा दिसला. मग शिवाजीनगरचा एसटी स्टँड दिसला आणि यवतमाळच्या गाडीत खिडकीशी बसलेली कुमुद, मांडीवर गवारीची पिशवी. हे शेवटचं सगळ्यांत खरं वाटलं, कारण हल्ली ती झोपेतून उठली की पुणेरी विसरायची आणि लहानपणचं बोलायची. "आपल्याले कुठी जायचं हाय?" असं एकदा मला विचारलं होतं. मी म्हटलं, कुठंच नाही. तर म्हणाली, "मंग हे घर कोनाचं?"

मी मेघनाला फोन लावला. ती मीटिंगमधून बाहेर आली. "बाबा, मी निघते. तुम्ही घरी जा. आई घरी आली आणि कुलूप असलं तर?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आडवाटेनं उलटा धावलो. घरी कोणी नव्हतं. खाली उतरलो, फाटकात उभा राहिलो. इथून हललो तर ती इथं येईल, इथंच थांबलो तर ती दुसरीकडे असेल. दोन्ही बाजूंनी तेच. मेघनाचा फोन आला, ती येरवड्याला वाहतुकीत अडकली होती. रिक्षावाल्याशी भांडत होती आणि रडत होती. मी तिला म्हटलं, येईल. माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा वाटला. फाटकाची गंजलेली कडी मी इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचा तांबडा वळ उठला.

आणि मग त्या ताडपत्रीखालच्या बोळातून बापू येताना दिसले.

बापू म्हणजे आमच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष. झेरॉक्सचं दुकान, भरघोस पोट, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांच्या एका हातात गवारीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात आमचा कॅमेरा. शेजारून कुमुद चालत होती, शाळेत पाहुण्यांना वर्ग दाखवायला नेते तशी.

"या, आले बघा तुमचे," बापू तिला म्हणाले. मग माझ्याकडे पाहून: "काय हो काका, रोज डीपीच्या मागे ड्यूटी असते ना? आज रजा?"

मी कुमुदचा दंड धरला.

"अर्धा तास मंडपासमोर उभ्या," बापू सांगत होते. "आधी वाटलं, सजावट बघतायत. मग म्हणाल्या, इथं गिरणी होती. म्हटलं, काकू, मागं आहे, कापडाच्या मागं. पटेना. कॅमेरा दाखवायच्या आणि म्हणायच्या, यात हत्ती नाहीत. बरोबरच आहे, हत्ती आज बसवले. विचारलं, राहता कुठं? तर हा कॅमेरा माझ्या हातात दिला."

त्यांनी गळ्यातला चष्मा नाकावर चढवला आणि बटणं दाबली. तीन सूर वाजले. पडद्यावर आमची गल्ली होती. गिरणी, तिच्यापुढे डीपी, आणि डीपीच्या मागून बाहेर आलेला अर्धा माणूस. काखेत छत्री.

त्यांनी पुढचा फोटो पडद्यावर आणला. दवाखाना. पाटीखाली मान वर करून उभा असलेला माणूस. पुढचा. अभ्यासिकेचा जिना, चहा पिणारी मुलं, त्यांच्यामागे छत्रीची मूठ आणि एक कान. पुढचा, त्याच्या पुढचा. वेगवेगळ्या दिवसांचे, वेगळ्या उजेडातले. प्रत्येकात मी.

"रस्त्यावरून काही कळेना, सगळीकडे आमचेच मंडप," बापू म्हणाले. "पण हा माणूस ओळखला. आमची पोरं गेल्या महिन्यापासून म्हणतायत, दुसऱ्या मजल्यावरचे ते पुस्तकवाले काका आपल्याला बघून डीपीमागं लपतात, वर्गणी चुकवायला. मीच म्हटलं, असू दे, पेन्शनर आहेत. काकूंना विचारलं, हे कोण? तर काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, हे जिथं राहतात तिथं मला सोडा."

कुमुद बापूंना म्हणाली, "चहा घेऊन जा." बापू म्हणाले, "नको, हत्तीची सोंड पडतीये." जाताजाता वळून मला म्हणाले, "काका, लपण्यात काही अर्थ नाही बरं का. पावती फाडून टाका एकदा."

वर आल्यावर ती नेहमीसारखी ओट्याशी गेली आणि गवार निवडायला घेतली. मेघना आली, आईला मिठी मारून रडली, माझ्यावर ओरडली, पुन्हा रडली, आणि फ्रीजवरचं कार्ड घेऊन आईच्या पर्सच्या अस्तरात शिवून टाकलं. ती गेल्यावर मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"मी मागे येतो ते."

तिनं गवारीचं टोक मोडलं. शीर ओढून काढली. "तुमाले लपता येत नाही," ती म्हणाली. पूर्ण जागी असताना यवतमाळची भाषा ती माझ्याशी कधी बोलत नसे. "पहिल्याच दिवशी दिसले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तं तुमी आलेच नसते."

गवारीचा हिरवा उग्र वास घरभर झाला होता. बाहेर ढोल वाजत होते. ती खाली मान घालून काम करत होती आणि मी तिच्या बोटांकडे बघत होतो. बोटं थरथरत होती. किती दिवस थरथरत होती कोण जाणे. मी तिच्या पायांकडेच बघत आलो होतो. भिऊन मागे चालणारा मी एकटाच, असं मी धरून चाललो होतो. पुढे चालणारं माणूस प्रत्येक वळणावर थांबत होतं, कॅमेरा डोळ्यांशी नेत होतं, आणि गल्लीत मी आहे ना हे बघून मगच पुढचं पाऊल टाकत होतं.

त्यानंतर आम्ही मंडईत बरोबर जायला लागलो. ते फार दिवस चाललं नाही. मंडप उतरले, खड्डे बुजवले, गिरणी पुन्हा दिसायला लागली. तिला मात्र ती ओळखू येईना. पुढे घरातल्या घरातही वाट चुकायला लागली. ती वर्षं मी इथं लिहीत नाही. शेवटी शेवटी माझं नावही गेलं, पण मी खोलीतून बाहेर पडायला लागलो की मान वळवून बघायची. शेवटच्या दिवशीही तिनं तसं पाहिलं.

कॅमेरा मी तेव्हा खणात ठेवला तो आज काढला. आत सेल फुटून पांढरा-हिरवा क्षार जमला होता. तो व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसला, वाण्याकडून नवे सेल आणून घातले. सुरू करायला अंगठा धजेना. बंद पडला असेल ही एक भीती, सुरू होईल ही दुसरी. आणि तिसरी मेघनालाही सांगितलेली नाही. ती माझ्या फोनमध्ये काहीतरी करून गेली आहे; खराडीत बसून तिला तिच्या पडद्यावर मी कुठे आहे ते एका निळ्या ठिपक्यावरून दिसतं. "बाबा, आता मी तुमच्या मागे आहे," असं म्हणते. तिला वाटतं, मी पडेन. मी पडायला भीत नाही. गेल्या आठवड्यात पोस्टातून परतताना मी एका वळणावर थांबलो आणि डावीकडे की उजवीकडे ते मला आठवेना. क्षणभरच. म्हातारपणी होतं असं कोणालाही. पण मी मुद्रितशोधक आहे. गळलेलं अक्षर मला दिसतं.

बटण दाबलं. तीन सूर वाजले.

चहाचा ओटा तसाच टाकून मी छत्री घेतली आणि निघालो, कॅमेरा सदऱ्याच्या खिशात. मंडईपर्यंत गेलो. ती भाजीवाली आता नाही, तिची सून बसते. गवार घेतली. येताना शेवटच्या वळणावर समोर मंडप होता; सकाळचे बांबू तेवढ्यात उभे झाले होते. कापड अजून चढलेलं नव्हतं, पण बांबूंचा सांगाडा एवढा गच्च की पलीकडचं काही दिसेना. गिरणी तर केव्हाच गेली, तिथं मोबाइलचं दुकान आलं; दवाखान्याची इमारत पाडून नवी उभी राहते आहे. मी बघत राहिलो. आणि परत ते झालं. सगळ्या बाजू सारख्या दिसायला लागल्या. आजूबाजूनं स्कूटरी जात होत्या आणि कोणाला काही विचारावं तर काय विचारावं हेही सुचेना.

मी कॅमेरा काढला. सुरू केला. तो छत्रीच्या मुठीवर टेकवला. गिरणी, डीपी, डीपीमागे अर्धा मी. केस काळे. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या वेळी मी इकडेतिकडे बघत असेन. फोटोतला मी सरळ तिच्याकडे बघत होतो.

मान वर केली आणि बांबूंच्या जाळीतून ती दिसली. करडी, गंजलेली, पत्रकं चिकटवलेली. बाकी सगळं गेलं होतं, डीपी होती. मी बोळातून चालत गेलो आणि फोटोत उभा होतो त्याच जागी, तिच्यामागे, जाऊन उभा राहिलो. तिथं उभं राहिल्यावर कळलं. ती पुढे जायची आणि मी मागे, म्हणजे मी नेहमी तिच्या आणि घराच्या मध्ये असायचो. घर माझ्या पाठीशी होतं. फाटक पाच पावलांवर.

लगेच वळवलं नाही मला. समोरचा कोपरा, जिथं ती थांबत असे, तिकडे बघत राहिलो. तिथून आता फक्त स्कूटरी येत होत्या.

"ओ काका!" वरून आवाज आला. बापू मंडपाच्या शिडीवर निम्मे चढलेले होते, पोट सांभाळत, आता केस पूर्ण पांढरे. "कोणापासून लपताय? तुमची वर्गणी आली आहे!"

"लपत नाही," मी म्हटलं. "उभा आहे."